शेवटचा शब्द कोणाचा?
ज्यूरीपुढील वकिली आणि मुंबईचे तीन खटले

इलेक्ट्रॉनिक सिटीत राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांत आता असे घर विरळाच, की ज्यातील एखादा मुलगा, भाची वा पुतण्या अमेरिकेत नाही. ही मुले तिकडे गेली, स्थिरावली, त्यांपैकी काहींनी तेथील नागरिकत्व घेतले. आणि त्या नागरिकत्वाबरोबर एक असे कर्तव्य त्यांच्या वाट्यास आले, की ज्याची कल्पना कोनप्पन अग्रहारात वा दोड्डतोगुरात राहणाऱ्या त्यांच्या आईवडिलांस सहसा नसते. हे कर्तव्य म्हणजे ज्यूरीचे बोलावणे. एके दिवशी न्यायालयाचे पत्र येते आणि संगणकाच्या पडद्यापुढे आयुष्य घालविलेल्या गृहस्थास, कायद्याचे ओ की ठो ठाऊक नसताना, एखादा अनोळखी माणूस दोषी की निर्दोष हे ठरविण्यासाठी बोलाविले जाते. मग दूरध्वनीवर प्रश्न येतो, ‘आपल्याकडे असे काही होते का हो?’

होते. नुसते होते असे नव्हे, तर आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासातील दोनतीन अत्यंत नाट्यमय प्रसंग ज्यूरीच्या बाकांसमोरच घडले आहेत. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत गणेशोत्सवाचे, नाट्यप्रयोगांचे आणि कोजागिरीच्या बैठकांचे स्मरण व्हावे हे योग्यच आहे. परंतु आपली मुले परदेशी न्यायालयात ज्या बाकावर जाऊन बसतात त्या बाकाचा आपल्या इतिहासाशी काय संबंध होता, हेही एकदा सांगून ठेवावे असे आम्हांस वाटले. त्यातही आम्ही एकच धागा हाती धरणार आहो: पुरावा संपल्यानंतर वकिलाने ज्यूरीपुढे जे शेवटचे भाषण करावयाचे, त्यात त्याने काय बोलावे आणि काय बोलू नये.

या प्रश्नाला महत्त्व कशामुळे आले ते आधी पाहिले पाहिजे. न्यायाधीश हा मुरलेला माणूस असतो. वकिलाच्या वक्तृत्वातील फोलकट पाखडून दाणे तेवढे ठेवण्याची त्याला सवय असते. ज्यूरीतील दुकानदार, कारकून वा शिक्षक यांना ती नसते, आणि त्यांच्या कानांत शेवटी जे पडते तेच मनात घोळत राहते. म्हणून इंग्लंडात आणि त्यामागून अमेरिकेत हळूहळू काही मर्यादा ठरत गेल्या. जो पुरावा न्यायालयात आलाच नाही त्याचा उल्लेख करू नये. आरोपी अपराधी आहे किंवा निर्दोष आहे असे आपले वैयक्तिक मत वकिलाने सांगू नये. आरोपीने मौन पाळले म्हणून त्यावर बोट ठेवू नये. त्याच्या जातीवर, धर्मावर वा वंशावर घसरू नये. ‘तुम्हीच या जागी असता तर?’ असे विचारून ज्यूरीला निःपक्षपाती आसनावरून खाली ओढू नये. आणि निकाल असा दिला तर जग काय म्हणेल, गावात काय होईल, याची भीती वा लालूच दाखवू नये.

या मर्यादा कोणी एका बैठकीत लिहून काढल्या नाहीत. खटल्याखटल्यांतून त्या घडल्या. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पामर नावाच्या डॉक्टरावर विषप्रयोगाने खून केल्याचा खटला चालला. त्याचे वकील सार्जंट शी यांनी भाषणाच्या भरात, पामर निरपराध आहे अशी माझी स्वतःची खात्री आहे, असे ज्यूरीस सांगितले. सरन्यायाधीश लॉर्ड कॅम्पबेल यांनी आपल्या भाषणात त्याची दखल घेऊन, वकिलाची खात्री हा पुरावा नव्हे, हे ज्यूरीला बजावले. पामर फाशी गेला. अमेरिकेत १९३५ साली बर्जर नावाच्या आरोपीची शिक्षा तेथील सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली ती सरकारी वकिलाच्या वर्तनामुळे. त्याने साक्षीदारांच्या तोंडी नसलेले शब्द घातले होते आणि जे सिद्ध झाले नाही ते आपणास ठाऊक आहे असा आव भाषणात आणला होता. न्यायमूर्ती सदरलँड यांनी त्या निकालात सांगितलेले तत्त्व तेथील प्रत्येक वकिलास मुखोद्गत असते: सरकारी वकिलाने जोराचे घाव अवश्य घालावेत, पण वर्ज्य घाव घालण्याचा अधिकार त्यास नाही, कारण खटला जिंकणे हे त्याचे काम नसून न्याय होईल हे पाहणे हे त्याचे काम आहे.

आता आपल्याकडे वळू. मुंबईच्या उच्च न्यायालयात फौजदारी सेशन्सचे खटले नऊ जणांच्या ज्यूरीपुढे चालत. इंग्लंडातल्याप्रमाणे बारांची एकवाक्यता येथे लागत नसे. नवांपैकी सहांचे मत एक झाले आणि न्यायाधीशाची त्यास संमती मिळाली की निकाल लागे. सहा जुळले नाहीत तर ज्यूरी बरखास्त करावी लागे. हा सहाचा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा.

दुसरी एक गोष्ट अशी, की वकिलांची भाषणे संपल्यावर न्यायाधीश स्वतः ज्यूरीपुढे बोलत. कायदा काय आहे, पुरावा कोठे बळकट व कोठे दुबळा आहे, हे ते समजावून सांगत, आणि मगच ज्यूरी विचारासाठी उठे. म्हणजे खरा शेवटचा शब्द न्यायाधीशाचा. शिवाय न्यायाधीशांच्या या समजावणीतील मुद्दे नोंदले जात. वकिलांची भाषणे मात्र कामकाजाच्या कागदपत्रांत समाविष्ट होत नसत. अपिलात वकील काय बोलला हे दाखविणार कसे? म्हणूनच आपल्याकडील जुन्या निवाड्यांत वकिलाच्या अनुचित शब्दांवरून निकाल फिरल्याची चर्चा फारशी सापडत नाही. न्यायाधीशाने ज्यूरीची दिशाभूल केली, ही तक्रार मात्र पानोपानी आढळते. अमेरिकेत प्रत्येक शब्द लघुलेखक टिपून घेतो, आणि अनेक राज्यांत न्यायाधीशास पुराव्यावर मतप्रदर्शन करण्याची मुभा नसते. तेव्हा तेथे वकिलाचे शेवटचे भाषण जड ठरते व त्यावरून अपिले होतात. दोन्ही देशांतील हा फरक एकदा समजला म्हणजे पुढची हकिगत समजण्यास सोपी जाते.

पहिला खटला १८९७ चा. पुण्यात प्लेगचा कहर, रँडसाहेबांची घरझडती, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर झालेला त्यांचा वध, हे सर्व वाचकांस शालेय पुस्तकांपासून परिचित आहे. ‘केसरी’च्या १५ जूनच्या अंकातील शिवाजीमहाराजांविषयीच्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. जामीन मिळवून देणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर आणि जामीन देणारे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी. ही दोन नावे मुद्दाम सांगतो, त्यांतील पहिले पुन्हा भेटणार आहे. खटला न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे चालला. ज्यूरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी. स्ट्रेची यांनी ज्यूरीस समजावताना राजद्रोहाच्या कलमातील कळीच्या शब्दाचा अर्थ असा लावला, की सरकारविषयी प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती. सरकारवर टीका करणारा कोणता माणूस त्या सरकारवर प्रेम करतो? हा अर्थ मान्य केला तर टीकाकाराला तुरुंगाखेरीज जागा उरत नाही. १४ सप्टेंबरला सहा विरुद्ध तीन मतांनी टिळक दोषी ठरले व त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. म्हणजे बरोबर सहा. एक मत इकडचे तिकडे झाले असते तर तो निकाल उभाच राहिला नसता.

या अर्थाविरुद्ध लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत दाद मागण्यात आली. टिळकांतर्फे उभे राहिलेले बॅरिस्टर होते ॲस्क्विथ, जे पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झाले. अपिलाची परवानगी मिळाली नाही. उलट पुढच्याच वर्षी, १८९८ साली, सरकारने कलमाची शब्दरचनाच बदलून, द्रोह व वैरभाव यांचा समावेश त्यात स्पष्टपणे करून टाकला. येथे वकिलांच्या भाषणांविषयी आम्हांस फारसे सांगावयाचे नाही. त्या खटल्यात ज्यूरीपुढचा वजनदार शब्द वकिलाचा नव्हताच. तो न्यायासनावरून आला.

१९०८ चा खटला मात्र सर्वस्वी निराळा. त्यावर आम्ही थोडे रेंगाळणार आहो, आणि वाचक त्यास आक्षेप घेणार नाहीत असा भरवसा आहे.

त्या वर्षी ३० एप्रिलला मुझफ्फरपूरला बाँब पडला व दोन निरपराध स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. ‘केसरी’त १२ मे रोजी ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जून रोजी ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे लेख आले. २४ जूनला टिळकांना मुंबईत अटक झाली. जामिनासाठी बॅरिस्टर जिना यांनी अर्ज केला. न्यायासनावर होते न्यायमूर्ती दिनशा दावर. अकरा वर्षांपूर्वी ज्यांनी याच आरोपीसाठी जामीन मिळविला होता तेच. त्यांनी या वेळी जामीन नाकारला.

त्यानंतरचा वाद ज्यूरी कोणती असावी याविषयीचा होता, आणि आमच्या मते अर्धा निकाल तेथेच लागला. सरकारपक्षाने विशेष ज्यूरीची मागणी केली. टिळकांच्या वतीने बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा यांनी विरोध केला. लेख मराठीत आहेत. त्यांतील शब्दांचा रोख, उपरोध, म्हणी, सारे मराठी वाचकासाठी आहे. विशेष ज्यूरी म्हणजे बहुतांशी युरोपियन आणि त्यांना मराठीचे अक्षर कळणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता. तो फेटाळला गेला. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी आले. मराठी अग्रलेखांचा न्याय इंग्रजी भाषांतरावरून व्हावयाचा, असा प्रकार ठरला. आपण जे परभाषेच्या प्रदेशात राहतो, ज्यांच्या मुलांचे मराठी बोलणे शेजाऱ्यांपर्यंत इंग्रजीच्या वळणाने पोहोचते, त्यांना यातील दुखणे वेगळे समजावून सांगावयास नको. मूळ वाक्यातला कोपरा भाषांतरात कधी बोथट होतो, तर कधी तोच सुरीसारखा धारदार होतो.

खटला १३ जुलैस सुरू झाला. सरकारतर्फे ॲडव्होकेट जनरल ब्रॅन्सन, इन्व्हेरॅरिटी व बिनिंग हे नामांकित बॅरिस्टर होते. टिळकांनी वकील दिला नाही. आपला बचाव आपणच करावयाचे ठरविले. ते कायद्याचे पदवीधर होते, पुण्यात त्यांनी कायद्याचे वर्गही चालविले होते. तरी सेशन्स कोर्टात वकिली करण्याचा त्यांचा धंदा नव्हता. सरकारी भाषांतरकारास त्यांनी शब्दाशब्दावरून उलटतपासणीत धरले. मग ज्यूरीपुढील त्यांचे भाषण सुरू झाले, इंग्रजीत, आणि ते दिवसामागून दिवस चालले. सगळे मिळून सुमारे एकवीस तास.

आज आपल्याला प्रश्न पडेल, एकवीस तास कशाला? याचे एक कारण त्या काळच्या कायद्यात आहे. आरोपीला स्वतःच्या बचावासाठी शपथेवर साक्ष देण्याची सोयच तेव्हा नव्हती. ती आपल्याकडे १९५५ साली आली. तेव्हा टिळकांचे म्हणणे ज्यूरीच्या कानांवर सविस्तर घालण्याची हीच एक जागा होती. त्यांनी तिचा उपयोग पुरेपूर केला. इंग्लंडातील राजद्रोहाचे खटले त्यांनी मांडले. १७९२ च्या फॉक्सच्या कायद्याचा आधार घेऊन, लेख राजद्रोही आहे की नाही हे ठरविण्याचा अधिकार ज्यूरीचा आहे, न्यायाधीशाचा नव्हे, असे प्रतिपादन केले. इतर वृत्तपत्रांतील उतारे वाचून, आपण लिहिले ते त्या काळी चाललेल्या वादातील एका पक्षाचे उत्तर होते, हे दाखविले. वृत्तपत्रे आणि नोकरशाही यांच्यामध्ये ज्यूरीने ढालीसारखे उभे राहावे, असा त्यांचा रोख होता.

येथपर्यंत सारे युक्तिवादाच्या कक्षेत बसते. पण भाषणाच्या अखेरीस टिळक जे बोलले ते आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. आपले वय झाले आहे, आता थोडीच वर्षे उरली आहेत. परंतु पुढच्या पिढ्या तुमच्या निकालाकडे पाहतील आणि तुम्ही न्याय केला की अन्याय ते ठरवितील, अशा आशयाचे ते बोलले. आपली विनवणी स्वतःसाठी नसून आपण ज्या कार्याचे प्रतिनिधित्व करतो त्यासाठी आहे, असे त्यांनी सांगितले. आणि तुमच्यापैकी एकाने जरी माझे बरोबर होते असे म्हटले तरी मला समाधान होईल, असेही सांगितले.

आता मघाच्या मर्यादांच्या यादीशी हे ताडून पाहा. निकालाचे परिणाम ज्यूरीपुढे मांडणे, इतिहासाच्या न्यायालयाची आठवण करून देणे, पुराव्यापलीकडच्या कार्याचा हवाला देणे: अमेरिकेतील एखाद्या न्यायालयात आज कोणी वकील असे बोलू लागला तर प्रतिपक्षाचा वकील ताडकन उठून हरकत घेईल, आणि बहुधा न्यायाधीश ती मान्यही करतील. लोकमान्यांच्या भाषणाला ‘अनुचित’ म्हणण्यास आमची लेखणी सहज धजावत नाही. तरी नियम म्हणजे नियम, आणि आपल्या माणसापुरता तो बाजूला ठेवावा हे टिळकांनाही रुचले नसते. आमचे मत असे की, हा नियम ज्या गृहीतावर उभा आहे ते गृहीत त्या दिवशी मुंबईत नव्हते. ज्यूरी निःपक्षपाती आहे, लेखाची भाषा तिला कळते, तेव्हा वकिलाने तिच्या भावनांना हात घालू नये, असे तो नियम म्हणतो. जेथे नवांपैकी सातांना लेखाची भाषाच कळत नाही, तेथे त्यांच्या सदसद्विवेकाला हाक घालण्यावाचून आरोपीपाशी दुसरे काय उरले होते? ज्यांना हे पटणार नाही त्यांच्याशी आम्ही भांडणार नाही. पण त्यांनी ते भाषण एकदा मुळातून वाचावे. न. चिं. केळकरांनी खटल्याचा साद्यंत इंग्रजी वृत्तान्त त्याच वर्षी प्रसिद्ध केला म्हणून ते आज उपलब्ध आहे. न्यायालयाने जे जपून ठेवले नसते ते एका पत्रकाराने जपले. याच केळकरांना खटल्याविषयीच्या लिखाणाबद्दल न्यायालयाच्या बेअदबीची शिक्षा भोगावी लागली, हीही नोंद करून ठेवतो.

शेवटचा शब्द मात्र टिळकांना मिळाला नाही. त्या वेळच्या फौजदारी कायद्याप्रमाणे आरोपीने आपला पुरावा पुढे आणला की त्याच्या भाषणानंतर उत्तर देण्याचा हक्क सरकारपक्षाला मिळे. टिळकांनी कागदपत्रे दाखल केली होती. त्यामुळे २२ जुलैस त्यांचे भाषण आटोपताच ब्रॅन्सन उत्तरास उभे राहिले, आणि त्यांच्यामागून न्यायमूर्ती दावर. दुसऱ्या दिवसापर्यंत काम तहकूब न करता त्याच संध्याकाळी ज्यूरी विचारासाठी उठली. रात्री ती परतली ती सात विरुद्ध दोन असा निकाल घेऊन. विरुद्ध पडलेली दोन मते दोघा पारशी पंचांची होती असेच सर्वत्र मानले गेले आहे. टिळकांनी एक मत मागितले होते, त्यांना दोन मिळाली; निकाल अडविण्यास आणखी दोन हवी होती.

शिक्षा सांगताना न्यायमूर्ती दावर यांनी, असे लेख लिहिणारे मन रोगट व विकृतच असले पाहिजे, अशा अर्थाचे उद्गार काढले, आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा व एक हजार रुपये दंड फर्मावला. ज्यूरीपुढे वकिलाने काय बोलू नये याविषयी ग्रंथ लिहिले गेले. न्यायासनावरून काय बोलले जाऊ नये याविषयी तेव्हा कोण बोलणार? दुसऱ्या दिवशी, २३ जुलैला, टिळकांचा बावन्नावा वाढदिवस होता. मुंबईच्या गिरणीकामगारांनी सहा दिवस संप करून निकालावर आपले मत नोंदविले, आणि त्या संपाची दखल दूर युरोपात लेनिनने आपल्या लेखात घेतली.

सरकारने या खटल्यापासून निराळाच धडा घेतला. सात युरोपियन असूनही ज्यूरी ही चीज भरवशाची नाही, असे त्यास वाटले असावे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नवा कायदा करून, राजकीय स्वरूपाच्या गंभीर खटल्यांसाठी तीन न्यायाधीशांच्या खास न्यायासनाची सोय करण्यात आली, ज्यूरीविना. नाशिकच्या कटाचा खटला, ज्यात सावरकरांना शिक्षा झाली, तो अशाच न्यायासनापुढे चालला. तेथे सदसद्विवेकाला हाक मारावयाची तर ती कोणाला?

यानंतर अर्धशतक ओलांडून आम्ही १९५९ सालात येतो. २७ एप्रिलला आरमारातील कमांडर कावस नानावटी यांनी, आपल्या पत्नीशी संबंध ठेवणाऱ्या प्रेम आहुजा यांना मलबार हिलवरील त्यांच्या घरात पिस्तुलाच्या तीन गोळ्यांनी ठार केले. हे प्रकरण चित्रपटांनी इतके रंगविले आहे, की त्यातील मुख्य कायदेशीर मुद्दा बहुतेकांच्या दृष्टीआड झाला आहे. सेशन्स जज्ज मेहता यांच्यापुढे नऊ जणांची ज्यूरी बसली. बचावाचे वकील कार्ल खंडालवाला, जे भारतीय लघुचित्रांचे जाणते अभ्यासक म्हणूनही प्रसिद्ध होते. एकाच माणसाने राजपूत चित्रांतील रेषा आणि गोळीबारातील झटापट यांची सारख्याच बारकाईने चिकित्सा करावी, ही मुंबईचीच किमया. बचाव असा की, झटापटीत गोळ्या सुटल्या. अभियोगपक्षाचा प्रश्न असा की, झटापट झाली तर नुकतेच स्नान करून आलेल्या आहुजांच्या कमरेचा टॉवेल जागचा हलला कसा नाही?

परंतु ज्यूरीच्या कानांवर पडणारा युक्तिवाद केवळ न्यायालयातला नव्हता. करंजियांचे ‘ब्लिट्झ’ साप्ताहिक आठवड्यामागून आठवडा नानावटींची बाजू मांडत होते. शुभ्र गणवेशातील शूर अधिकारी आणि त्याचा मोडलेला संसार, हे चित्र सबंध शहरापुढे उभे करण्यात आले होते. वकिलाने ज्यूरीपुढे उच्चारले असते तर जे वर्ज्य ठरले असते, म्हणजे ‘तुम्ही याच्या जागी असता तर काय केले असते?’, ते वृत्तपत्राने राजरोस विचारले. त्या प्रश्नावर हरकत घेण्याची सोय कोणत्याही कायद्यात नव्हती. ऑक्टोबरात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने नानावटी निर्दोष ठरविले.

न्यायाधीशांना हा निकाल पटला नाही आणि त्यांनी तो उच्च न्यायालयाकडे पाठविला. तेथे सरकारतर्फे उभे राहणाऱ्यांत यशवंतराव चंद्रचूड होते, जे पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. न्यायमूर्ती शेलत व नाईक यांनी मार्च १९६० मध्ये निकाल फिरवून नानावटींना जन्मठेप दिली. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. खटल्याच्या मध्येच १ मे १९६० रोजी मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र आल्याने निवाड्यावर नाव पडले ते महाराष्ट्र राज्याचे. दोन्ही न्यायालयांनी बोट ठेवले ते पुन्हा न्यायाधीशाच्या समजावणीवर: अपघाताचा बचाव घेणाऱ्यावरच तो सिद्ध करण्याची जबाबदारी असते हे ज्यूरीस सांगितले गेले नाही, पत्रांतील मजकुराकडे लक्ष वेधले नाही, अचानक व तीव्र चिथावणी कशास म्हणावे हे उलगडले नाही. वकिलांच्या शब्दांबद्दल चकार नाही, आणि वृत्तपत्राचे शब्द तर न्यायालयाच्या पटावर नव्हतेच. नानावटींना १९६४ साली माफी मिळाली.

या खटल्याने ज्यूरी संपली असे सर्रास सांगितले जाते. ते पुरते खरे नाही. १९५८ सालीच विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात ज्यूरी बंद करावी अशी शिफारस केली होती. काही प्रांतांत ती नानावटींच्या नंतरही रेंगाळली, आणि १९७३ ची नवी फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ पासून अंमलात आली तेव्हा तिच्यात ज्यूरीला जागाच ठेवलेली नव्हती. आपल्या होसूर रस्त्याने शहरात गेल्यावर कब्बन पार्कालगत जी लाल इमारत दिसते, जिच्या ‘अट्टार कचेरी’ या नावातले ‘अठरा’ आणि ‘कचेरी’ हे दोन्ही शब्द मराठी कानाला घरचेच वाटतात, त्या कर्नाटक उच्च न्यायालयातही आज निवाडा न्यायाधीशच करतात.

ज्यूरी गेली तरी तिच्यासाठी घातलेली काही कुंपणे राहून गेली, ही गंमतीची गोष्ट आहे. आरोपीने साक्ष दिली नाही तर त्यावर कोणत्याही पक्षाने किंवा न्यायालयानेही टीका करू नये, असा दंडक १९७३ च्या संहितेत होता आणि २०२३ च्या नव्या संहितेतही आहे. सरकारी वकिलाने निरपराध्याला शिक्षा होऊ नये अशा रीतीनेच काम चालवावे आणि आरोपीच्या निर्दोषत्वास उपकारक असा पुरावा दडवू नये, हा बार कौन्सिलचा नियम आहे. बर्जरच्या निकालातले तत्त्व आणि हा नियम यांचे गोत्र एकच. अमेरिकेतून विचारणाऱ्या आपल्या मुलांना एवढे जरूर सांगावे.

मुंबईच्या उच्च न्यायालयातील ज्या दालनात १९०८ चा खटला चालला, तेथे १९५६ साली मुख्य न्यायाधीश छगला यांच्या हस्ते संगमरवरी शिलालेख बसविण्यात आला. त्यावर टिळकांचे शब्द कोरले आहेत. पण ते ज्यूरीला उद्देशून केलेल्या एकवीस तासांच्या भाषणातले नाहीत. ज्यूरीने दोषी ठरविल्यानंतर, शिक्षा ऐकण्यापूर्वी, आपण निर्दोष आहो आणि जगाचे नियंत्रण करणारी याहून वरची सत्ता आहे, असे जे ते थोडक्यात बोलले, तेवढेच तेथे आहे.

आणि एक तळटीप देण्याजोगी गोष्ट मजकुरातच सांगून टाकतो. ज्यूरीच्या धर्तीवरची एक व्यवस्था आपल्या देशात अजून शिल्लक आहे, ती पारशी समाजाच्या विवाहविषयक न्यायालयात. १९३६ च्या कायद्याप्रमाणे त्या समाजातील प्रतिनिधी न्यायाधीशासोबत बसून वस्तुस्थितीचे प्रश्न ठरवितात. पूर्वी ते सात असत. १९८८ च्या दुरुस्तीने पाच झाले. १९०८ च्या त्या रात्री सातांविरुद्ध मत देणारे दोघेही त्याच समाजाचे होते.